इशाऱ्याचा बार

साखर कारखान्यानं मोळी टाकली, गाळप सुरू झालं की कोल्हापूरच्या माणसाला बरं वाटतं. रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या सुरू होतात, ट्रॅक्टरवर गाणी ठणाणा वाजतात, हवेत मळीचा आंबूस वास भरतो. मला मात्र बरं वाटत नाही. गेली सहा वर्षं हंगाम लागला की मी दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतो आणि आत बसून राहतो. बायको विचारते, "काय झालंय तुम्हाला? थंडी वाजती काय?" मी म्हणतो, व्हय. दुसरं काय सांगणार तिला?

यंदा शटर ओढलं नाही. का ओढलं नाही, तेच सांगायला बसलोय. सांगता सांगता मागं-पुढं होईल, माझा स्वभावच तसा आहे. हातात कानस असली तर मी सरळ चालतो, तोंडानं नाही.

आमचा धंदा बंदुका दुरुस्त करायचा. आजोबांपासनं. लायसन भिंतीवर काचेत लावलेलं आहे आणि त्याच्या खाली अब्बांची खुर्ची. राखणीच्या ठासणीच्या बंदुका, बारा बोअरच्या दुनळ्या, फौजेतनं आलेल्या माणसांच्या रायफली, सगळं यायचं. निवडणूक लागली की समद्यांच्या बंदुका ठाण्यात जमा होतात आणि निकालानंतर गंजून परत येतात, तेव्हा आम्हाला जरा बरे दिवस. अब्बांचा एक नेम होता. दुरुस्त केलेली बंदूक स्वतः उडवून बघितल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची नाही. कानात कापूस घाला म्हटलं तर चिडायचे. "बंदूकवाल्यानं कानात बोळं घालायचं? मग हलवायानं नाकाला चिमटा लावून बसावं की!"

पन्नाशीत त्यांचे दोन्ही कान गेले. आमच्या घरात अब्बांना कुणी हाक मारायचं नाही, दिवा उघडझाप करायचा. दिवा लागला-विझला की ते मान वर करायचे. शेवटच्या आजारपणात खाटेवर पडून मला विचारायचे, "अजान झाली?" मशीद घरापासनं चाळीस पावलांवर. मी मान हलवायचो. मग ते हात बांधायचे. त्या मान हलवण्याचा मला फार त्रास व्हायचा. आवाजाचा राग माझ्या मनात तिथनं बसला. माझ्याही उजव्या कानात आता एक रातकिडा बसलाय, तो कधी गप्प होत नाही. आणि आमचं हे गाव! हळू असं इथं काही जमतच नाही. कुस्ती जिंकली तरी दणका, वरात निघाली तरी दणका, दोन माणसं प्रेमानं बोलायला लागली तरी रस्त्यावरच्याला वाटतं भांडण लागलंय.

तर असल्या माणसाकडं, म्हणजे माझ्याकडं, सहा वर्षांमागं दसरा झाल्यावर दौलू आला.

दौलू गडहिंग्लजजवळच्या नेसरीकडचा. बाप फौजेत होता, त्याची रायफल रीतसर दौलूच्या नावावर झालेली. उसात डुकरं घुसतात, रात्रीत गुंठेच्या गुंठे लोळवतात, म्हणून वनखात्याचा डुक्कर मारायचा कागदही त्याच्याकडं होता. गडी सरळ. ऐकू कमी यायला लागलेलं, त्यामुळं बोलायचा मात्र ओरडून. त्या दिवशी त्यानं दुकानात शिरून पहिल्यांदा रस्त्याकडं बघितलं आणि मग टॉवेलात गुंडाळलेल्या दोन काळ्या नळ्या माझ्यापुढं ठेवल्या.

"मिस्त्री, ह्ये आवाज खातंय म्हनं."

साऊंड मॉडरेटर. मी चित्रात बघितलेला, हातात पहिल्यांदाच घेत होतो. गावाकडच्या भाषेत बंदुकीचा सायलेन्सर. मला हसूच आलं. आमच्याकडची पोरं बुलेटचा सायलेन्सर काढून बोंबलत फिरतात, आणि हा बाबा बंदुकीला लावायला आलेला. कुठल्या पै-पावण्याकडनं आणला ते त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

"दौलू, ह्ये बेकायदा हाय. माझं लायसन जाईल, तुझी रायफल जाईल."

"ठावं हाय की. पर डॉक्टर म्हंतोय, उरलंय तेवढं जपा. अजून दोन हंगाम बार काढलं तर ठार बहिरा हुशील म्हंतोय. डुकरं तर सोडीनात. मी काय करू, सांगा." मग आवाज एकदम खाली आणून म्हणाला, "नातीचं बोबडं बोलनं ऐकायचं ऱ्हायलंय वो माझं."

त्याच्या मागं भिंतीला अब्बांची खुर्ची होती. मी विरघळलो. कुणाचं भलं करायला निघालं की माणूस कायदा किती सहज बाजूला सारतो, हे मला त्या दिवशी कळलं. आणि खरं सांगू? नुसती दया नव्हती ती. कारागिराची खाजपण होती. नवी वस्तू हातात आली होती, ती बसते कशी ते बघायचं होतं.

"यातली कुठली?" त्यानं विचारलं.

एक आखूड, हलकी होती. दुसरी लांब, वजनदार. मी शहाण्यासारखा त्याला समजावत बसलो. नळीच्या मापाला जुळली पाहिजे. सरळ रेषेत बसली पाहिजे, नाहीतर गोळी आत घासते. वजन टोकाला आलं की नेम खाली जातो, हाताला सवय करावी लागते. हलकी हाताला बरी, पण ती आवाज अर्धाच गिळते. "लांबडी घे," मी म्हणालो. "आखूडवाली पुटपुटती. ही गप बसती." निवड माझी होती. बसवलीही मीच. कशी बसवली ते सांगत नाही, ते सांगण्यासारखं काम नव्हे.

बघायला म्हणून त्याच्या शेतावर गेलो. पाणी पाजलेल्या रानात बगळे उतरलेले, पन्नासेक असतील. आधी दौलूनं नळी न लावता बांधाच्या मातीत एक बार काढला. धडाम! रानच्या रान पांढरं होऊन वर उठलं. ते पुन्हा खाली उतरेपर्यंत आम्ही विडी ओढली. मग नळी लावून दुसरा बार काढला. फट्ट. ओल्या धुण्यावर धोपाटणं बसावं एवढाच आवाज. एकही बगळा उडाला नाही. एकानं मान वर करून आमच्याकडं बघितलं आणि परत किडा टिपला.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, शप्पथ. मनात म्हणालो, अब्बा, बघा.

दौलू माझ्याकडं वळून विचारत होता, "मिस्त्री, बार झाला का?"

"झाला की! खांद्याला कळलं न्हाय?"

"खांद्याला कळलं."

"मग झालं तर. आता कानावर न्हाय, खांद्यावर इस्वास ठेव."

हे वाक्य माझं. दौलूचं नव्हे. सहा वर्षं मी ते उशाशी घेऊन झोपतोय.

दिवाळीच्या पुढं-मागं तो नळी साफ करायला घेऊन आला. मी त्याच्यावर ओरडलो, कारण त्यानं ती बंदुकीलाच लावून ठेवली होती. "बार काढून झालं की उतरवायची, उभी करून वाळवायची. आत ओल धरती. उद्या नळीचं तोंड गंजलं की माझ्या नावानं बोंबलशील." त्यानं मान डोलावली. मी ती काजळी पुसली, आतनं दिव्यापुढं धरून बघितली, तेलाचा हात फिरवला, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून त्याच्या हातात दिली. तान्ह्या पोराला द्यावं तशी दिली. एवढी निगा मी त्या वस्तूची राखली, पण बंदुकीला आवाज असतो कशाला, हे एकदाही विचारलं नाही. शहरातला माणूस मी. मला आवाज म्हणजे कानाचा शत्रू, एवढंच ठाऊक.

त्यांच्या गावात एक रीत आहे. ऊस तोडत तोडत आला की रानातली सगळी डुकरं शेवटच्या उभ्या तुकड्यात कोंडतात. तो तुकडा तोडायला घेतला की ती बाण सुटल्यासारखी बाहेर येतात, तोडकऱ्यांच्या अंगावर जातात. म्हणून बंदूकवाला आधीच बांधावर उभा राहतो. पण डुकरावर गोळी झाडायच्या आधी एक बार मातीत काढायचा. इशाऱ्याचा बार. तो झाला की उसात जो असेल त्यानं हातातलं टाकून बांधावर यायचं. बंदूकवाल्यानं तंबाखू मळायची, चुना लावायचा, थापटायची, दाढेखाली धरायची. तेवढा वेळ थांबायचं. मग तुकड्यात माणूस नाही असं धरायचं. आज्या-पणज्यापासनं असंच. घड्याळ नाही, शिट्टी नाही, एक बार आणि एक चिमूट तंबाखू.

आणि हे सगळं मला कळलं ते दौलूची वहिनी त्याच्या गोळीनं गेली, त्याच्या तिसऱ्या दिवशी.

सुंदराक्का तिचं नाव. थोरल्या भावाची बायको, भाऊ कधीच वारलेला. पदरात एक मुलगी, संगीता, तेव्हा सतरा वर्षांची. दौलूनं दोघींना कधी अंतर दिलं नव्हतं, हेही सांगितलं पाहिजे. त्या दिवशी दुपारी शेवटचा तुकडा उभा होता. तोडकऱ्यांची टोळी भाकरी खायला ट्रॉलीजवळ गेलेली, ट्रॅक्टरचं इंजिन चालूच होतं. सुंदराक्का म्हशीसाठी वाडं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, गोळा करत त्या तुकड्यात मागच्या बाजूनं शिरलेली. दौलूनं बंदूक बांधाच्या मातीत रोखली आणि बार काढला. नळी लावलेलीच होती. खांद्याला धक्का बसला. मी सांगितल्याप्रमाणं त्यानं खांद्यावर विश्वास ठेवला. तंबाखू मळली, थापटली, दाढेखाली धरली. रीतीत काडीचीही कसर केली नाही. मग ऊस हलला, डुक्कर निघालं आणि त्यानं गोळी झाडली. डुकराच्या मागं सुंदराक्का होती. वाड्याचा भारा तिच्या डोक्यावरच होता.

तिसऱ्या दिवशी दौलूचा एक सोयरा माझ्या दुकानात आला. फडक्यात गुंडाळलेली नळी, आत काय आहे ते ठाऊक नसताना, टेबलावर ठेवून म्हणाला, "दौलूनं दिलीया. तुमची वस्तू तुमच्याकडं." काय झालं ते त्यानं उभ्या उभ्या सांगितलं आणि गेला. पोलिस यायच्या आधीच दौलूनं नळी उतरवली होती. उतरवायचं मीच शिकवलेलं.

पंचनाम्यात काडतुसाच्या दोन रिकाम्या पुंगळ्या सापडल्या. एक इशाऱ्याची, एक दुसरी. दौलूनं जबानी दिली, मी बार काढलाता, वाट बघितली, रीत पाळली. ट्रॅक्टरवाला म्हणाला, इंजिन चालू हुतं, मला कुठलं ऐकू येतंय. त्या दोन पुंगळ्यांच्या जोरावर दौलू सुटला. मला कुणी विचारलं नाही. मी आपणहून गेलोही नाही. कानावर हात ठेवणं म्हणतात ते मी अक्षरशः केलं, दुकानात बसून दोन्ही तळवे कानांवर दाबून धरायचो. आत रातकिडा ओरडत असायचा. नळी अब्बांच्या खुर्चीच्या बैठकीखाली कोंबली होती.

मेलेल्या माणसाला शिक्षा होत नाही असं मला वाटायचं. चूक. दौलूच्या गावच्या एका गिऱ्हाइकानं एकदा माझ्यासमोर आपल्या पोराला झापलं, "कवाधरनं हाका मारतोय! सुंदराक्काचं कान हायत का काय तुला?" माझ्या हातातला पेचकस खाली पडला. तो माणूस हसून म्हणाला, "आमच्यात म्हंत्यात तसं. एक बाई हुती, बार झाला तरी जाग्यावरनं हलली न्हाय." बाईचं नाव गावात म्हणीसारखं झालं होतं. न ऐकणाऱ्याला लावायचं नाव. तिचे कान चांगले होते, तिला काही ऐकवलंच गेलं नव्हतं, हे जगात दोघांनाच ठाऊक. एक दौलू आणि एक मी. दोघंही मूग गिळून.

यंदा मोळी टाकली त्याच आठवड्यात संगीता दुकानात आली.

मी ओळखलं नाही. तेवीस-चोवीसची, गळ्यात कंपनीचं कार्ड. म्हणाली, "मी नेसरीकडची. कागलच्या फाइव्ह स्टार एमायडीशीत फौंड्रीत हाय. आज सुट्टी." मग आईचं नाव सांगितलं. मी खुर्ची पुढं केली. अब्बांचीच खुर्ची, दुसरी नव्हती. ती बसली. नळी तिच्या खाली एक वीत अंतरावर.

"चाचा, एक इचारायचं हाय. काका बंदूक तुमच्याकडंच आनायचा, तुम्ही बंदुकीतलं मानूस म्हनून आलोय. बार झाला तर बगळं उडत्यात का न्हाईत?"

मी हातातली कानस खाली ठेवली.

"आमच्या कंपनीत लई आवाज. कानात बोळं घालून काम करायचं. परवा बोळं घातल्यालं, अन् मागनं कोनतरी हाक मारत हुतं, मला ऐकूच आलं न्हाय. तवा आठवलं." ती जमिनीकडं बघत बोलत होती. "त्या दिवशी मी पलीकडच्या बांधावर भारा बांधत हुतो. काकाला बघितलं मी. बंदूक मातीत लावली. खांदा हलला त्याचा. पर तोडल्याल्या रानात बगळं बसल्यालं, त्यातलं एक बी उठलं न्हाय. मला वाटलं, बार फुसका गेला. आता परत काढंल. म्हनून मी आईला हाक न्हाय मारली." तिनं गळ्यातलं कार्ड मुठीत धरलं. "हाक मारली असती तर आली असती की वो ती भाईर. मंग काका म्हनाला बार झालाता. समदं गाव म्हनालं झालाता. पुंगळी बी सापडली. मी म्हनलं मलाच दिसलं नसंल नीट. सहा वर्सं मी कुनाला बोललो न्हाय. आता तुम्ही सांगा. उडत्यात का न्हाईत?"

सहा वर्षं मी समजत होतो की हे ओझं माझं एकट्याचं आहे. अरे तू कसला मिस्त्री, तू कसला बापमाणूस! तिकडं एक पोरगी हाक मारली नाही म्हणून स्वतःला खात बसली होती आणि मी शटर ओढून थंडी वाजल्याचं सोंग करत होतो. लाज वाटली. एवढी की तिच्याकडं बघवेना.

"उडतात," मी म्हणालो. "बार झाला तर झाडून सगळे उडतात. ऊठ पोरी, जरा बाजूला हो."

खुर्चीखालनं फडकं काढलं आणि तिच्या हातात दिलं. एका जागी बसून मी सगळं सांगितलं. दोन नळ्यांतनं कुठली निवडली, शेतावर बगळे कसे उडाले नाहीत, मला किती आनंद झाला होता, खांद्याचं वाक्य, सगळं. तिनं नळी उलटसुलट करून बघितली. डोळ्याला लावून आरपार बघितलं. "एवढंच?" म्हणाली. रडली नाही. मी हात जोडले, ते तिनं बघितले न बघितल्यासारखे केले.

"उद्या सकाळी ठाण्यात जातो," मी म्हणालो. "ही नळी देतो. लायसन जाईल ते जाऊ दे. आत टाकतील तर टाकू देत."

"ठाण्यात जावा की. पर आदी गावात चला. ठाण्यातल्या लोकांनी माझ्या आईला नावं न्हाईत ठेवली. अन् चाचा, मोठ्यांदा सांगायचं."

गडहिंग्लजच्या एसटीत आम्ही शेजारी बसलो. सबंध वाटेनं उसाच्या ट्रॉल्या. तिनं एकदाच तोंड उघडलं, तिकीट काढताना, माझंही तिनंच काढलं. मी नको म्हटलं तर ऐकलं नाही. गाव आलं तेव्हा दूध डेरीवर संध्याकाळचं दूध घालायला माणसं जमलेली. बायका, बाप्ये, किटल्या, पोरं. मशीनजवळच्या कट्ट्यावर दौलू बसला होता. म्हातारा झालाय. संगीता म्हणाली, "हितंच सांगा."

मी कट्ट्यावर उभा राहिलो. ठासणीच्या आवाजात बोललो. नळी वर धरून सगळ्यांना दाखवली. इशाऱ्याचा बार झाला होता, पण तो कुणाला ऐकू जाईल असा नव्हता, आणि तो तसा मी केला होता. सुंदराक्काचे कान धडधाकट होते. किटल्यांचा आवाज थांबला. एक बाई तोंडावर पदर घेऊन खाली बसली. कुणी मला शिवी दिली, ती बरोबर दिली. संगीता खांबाला टेकून उभी होती, गावाकडं बघत.

दौलू मात्र जागच्या जागी बसून माझ्या हातातल्या नळीकडं बघत होता. त्याचे कान पार गेलेत, मला माहीत नव्हतं. माझ्या ओठांकडं बघून त्यानं शेजारच्याला विचारलं, "काय म्हंतोय ह्यो?" शेजारच्यानं मान फिरवली. कुणीच सांगेना. मग मी खाली उतरलो, त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि परत पहिल्यापासनं सांगितलं. त्याला पोचेपर्यंत ओरडून सांगितलं, माझा घसा फाटला. "दौलू, तुझा बार आक्काला ऐकूच गेला नव्हता! तुला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं!"

त्याला पोचलं. त्यानं घाबरून माझं मनगट धरलं, एकदा इकडं बघितलं, एकदा तिकडं, आणि सगळ्या डेरीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यांदा म्हणाला,

"हळू बोल की मिस्त्री! लोक ऐकत्यात."